अठरा श्वास

माणसांच्या तोंडाकडे बघून बोलायची वैभवीची सवय हळूहळू सुटत चालली होती. समोरचं माणूस बोलायला लागलं, की तिचे डोळे आपसूक त्याच्या गळ्याखाली उतरत, शर्टाच्या दुसऱ्या बटणापाशी थांबत आणि ओठ न हलवता ती मोजायला लागे. बसमध्ये शेजारी डुलक्या घेणारी फिलिपिनो बाई, पंधरा. पाण्याचे कॅन खांद्यावरून आणणारा माणूस, सव्वीस. बिल्डिंगची लिफ्ट बंद असली तर त्याचाच आकडा चाळिशीच्या घरात.

कॉलेजात पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं ते हेच. पेशंटचं मनगट धरायचं, नाडी बघतोय असं दाखवायचं आणि मोजायचे मात्र श्वास. कारण आपला श्वास कुणी मोजतंय असं कळलं, की माणूस श्वास घेत नाही, घेऊन दाखवतो. वर्गातल्या मुली तेव्हा खुसुखुसू हसल्या होत्या. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरी त्या, कशालाही हसत. वैभवी एकोणतीस वर्षांची. त्या तिला दीदी म्हणत, वह्या मागत, आणि कॅन्टीनमध्ये मात्र त्यांच्या टेबलावर तिच्यापुरती खुर्ची कधी शिल्लक नसे. मुद्दाम नव्हे हो. त्यांच्या लक्षातच यायचं नाही.

रेस्पिरेटरी थेरपी शिकतेय म्हटलं की सासरचे लोक विचारत, "म्हणजे नर्स का?" नर्स नाही, डॉक्टरही नाही. श्वासाची माणसं. ऑक्सिजन किती द्यायचा, मास्क कुठला लावायचा, यंत्रावर ठेवलेल्या माणसाला यंत्रावरून कसं उतरवायचं, हे बघणारी. वैभवीलाही साडेचार वर्षांपूर्वी असं काही असतं हे ठाऊक नव्हतं. तिची अस्मी सात आठवडे आधी जन्मली. मुठीएवढी छाती, काचेची पेटी. बाकी सगळे येत, यंत्राकडे बघत, जात. एक बाई मात्र रोज यायची, पेटीवर वाकायची आणि पूर्ण एक मिनिट बोटाने हवेत ठेका धरून मोजायची. एकदा तिच्या मागच्या टेबलावरचा फोन वाजत राहिला. वाजून वाजून गप्प झाला. बाईची मान वळली नाही. मोजून झाल्यावर काचेबाहेरच्या वैभवीकडे बघून तिने बोटांनी आकडा दाखवला, पाच, चार. चौपन्न. दुसऱ्या दिवशी बावन्न. पुढे अठ्ठेचाळीस. त्या आठ दिवसांत वैभवीशी कुणी इतकं बोललं नव्हतं.

तर अशी ती या वाटेला लागली होती. आणि आता शेवटच्या वर्षी त्याच वाटेसाठी अस्मीला आईकडे कुडाळला पाठवून बसली होती.

पाठवायची हौस नव्हती. सप्टेंबरपासून इस्पितळातल्या ड्युटीचं रोटेशन सुरू झालं, सकाळी सात ते तीन. आखातातल्या अजमानहून कॉलेजची बस सहाला सुटे. खालच्या मजल्यावर मुलं सांभाळणारी बाई ऑगस्टमध्ये कायमची आपल्या देशी गेली. नवरा विघ्नेश हमरियातल्या कारखान्यात सुपरवायझर, संध्याकाळी सहा ते सकाळी सहा. तो घरी यायचा तेव्हा ही निघालेली, ही यायची तेव्हा तो झोपलेला. जाड पडदे ओढलेल्या खोलीत त्याच्या उशाशी बसून ती चहा प्यायची आणि त्याचे श्वास मोजायची. चौदा. मग तो उठायचा, "डबा भरलास?" विचारायचा, आणि दारात बूट घालता घालता दिवसभराचा संसार दहा मिनिटांत उरकायचे दोघं.

"डिसेंबरपर्यंतच," ती आईला म्हणाली होती. "वीस डिसेंबरला रोटेशन संपता. एकवीसला मी तिका न्यायला येतंय."

आई म्हणाली होती, "माका काय जड आसा ती?"

जड काहीच नव्हतं, हेच तर अवघड होतं. अजमानात असताना अस्मी मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर द्यायची. "जेवतेस का?" तर "नॉट नाऊ, मम्मा." दीड महिन्यात पोरगी फिरली. आता फोनवर म्हणे, "आये, माका खेळाक जावचा हा, तू आज्येशी बोल." मालवणी ऐकून वैभवीचा जीव सुखावायचा आणि त्याच क्षणी कुठेतरी काहीतरी कडकन तुटायचं. ही बोली ती स्वतःच्या लेकीशी कधी बोलली नव्हती. विघ्नेश ठाण्याचा, त्याला ती कळायची नाही. अख्ख्या अजमानात मालवणी बोलायला तिला एक माणूस नव्हतं.

म्हणून मग दुपारचा साडेबाराचा फोन. तिकडे दोन वाजलेले असत, अस्मी झोपलेली असे. आई बोटिम ॲपवरून व्हिडिओ लावायची आणि फोन लेकराच्या पोटाजवळ धरायची. इस्पितळाच्या जिन्यात, चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधल्या पायरीवर बसून वैभवी घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजायची. बावीस. कधी तेवीस. मधेच चित्र थिजायचं, मग पुन्हा पहिल्यापासून.

"मोजलंस?" आई कुजबुजायची. "फोन धरून माझो हात दुखलो."

"थांब गे. अर्धां मिनिट रवलां."

"काल बावीस, आज बावीस. रोज काय बघतंस एवढां?"

काय बघते ते वैभवीने कधी सांगितलं नाही.

*

वॉर्डात त्यांच्या डोक्यावर होती खतीजा. सुदानची, पन्नाशीला आलेली, उंच, पांढऱ्या स्कार्फची कड सतत कानामागे सारणारी. विद्यार्थिनींच्या प्रत्येक शीटवर तिची सही लागे. बोलायची इंग्रजीत, पण वीस वर्षं पेशंटांकडून उचललेली हिंदीही तिच्याकडे भरपूर होती आणि रागावली की तीच बाहेर यायची.

"यल्ला, बनात," म्हणजे चला पोरींनो, असं म्हणत पहिल्याच दिवशी तिने सगळ्यांना एका टेबलाभोवती उभं केलं आणि वॉर्डातल्या जुन्या शीटा पत्त्यांसारख्या मांडल्या. "देखो. ये अठारा. ये भी अठारा. इधर अठारा, उधर अठारा. माशाल्ला, इस वॉर्ड में सब का अठारा. जो मर गया उसका भी अठारा."

मुली हसल्या. खतीजा हसली नाही.

"कोणी मोजत नाही, म्हणून अठरा," ती मग इंग्रजीत म्हणाली. "ताप यंत्र सांगतं, नाडी यंत्र सांगतं. श्वास माणसाला उभं राहून मोजावा लागतो, पूर्ण मिनिट. कंटाळा येतो. निरोगी माणसाचा आकडा अठरा, तो लिहिला की कुणी काही विचारत नाही. माझ्या हाताखाली ज्या मुलीने न मोजता आकडा लिहिला, तिचं रोटेशन तिथेच खलास. जानेवारीत पुन्हा पहिल्यापासून. मी सांगून ठेवतेय. नंतर रडायचं नाही."

वैभवीला काचेच्या पेटीवर वाकलेली ती बाई आठवली. हे आपल्याला सांगायचं कारणच नाही, असं तिला वाटलं होतं. खरंच वाटलं होतं.

भिकाजी भेटला नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. खाट क्रमांक अकरा. चौपन्न वर्षांचा, पण दिसायला पासष्टीचा, ब्लॉक बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. तापातून छातीत न्यूमोनिया उतरलेला, नाकात ऑक्सिजनची नळी. वैभवी मनगट धरून उभी राहिली. खोटी नाडी, खरे श्वास. चार झाले असतील नसतील, तो म्हणाला, "बाय, तू नाडी बघतंस ह्यां खोटां. तुझे डोळे माझ्या पोटार आसत."

वैभवीच्या हातातून मनगट सुटलंच.

"म्हस आजारी पडली काय माझी आवस अशीच तिच्या कुशीक बघी," तो म्हणाला. "आधी शेपटेक हात लावी, म्हशीक वाटाचा शेपूट बघता, आणि मोजी कूस. तुमचां कॉलेज त्याच गोठ्यातलां दिसता."

ती इतकी मोठ्याने हसली की शेजारच्या खाटेवरच्या बंगाली चाचाने पांघरुणातून डोकं बाहेर काढलं.

"तुमी खंयचे?"

"वेतोऱ्याचो. तू?"

"कुडाळ. पिंगुळी."

"अरे माझ्या देवा!" म्हातारा उठून बसायलाच निघाला. "म्हणजे आपण एकाच येष्टीतली माणसां गो! पिंगुळेक आमच्या चुलत भयणीक दिलेली."

मग काय विचारता. त्याच्या कॅम्पवर मालवणी बोलणारा एक जण होता, तो गेल्या वर्षी गावी गेला तो परतलाच नाही. तेव्हापासून भिकाजीचंही तोंड बंदच होतं म्हणायचं. त्याला भेटायला कुणी येत नसे. कॅम्प लांब आणि सगळे दिवसपाळीला. तीन दिवस तो बोलत राहिला. चतुर्थीत गणपतीच्या वर फळापानांची माटी कोण बांधतं, कुळथाच्या पिठीत आमसूल केव्हा टाकायचं, वेतोऱ्याच्या नदीत मुडदुशे मासे अजून मिळतात की नाही, काही म्हणून विषय सोडला नाही. वैभवी मनगट धरून उभी राही आणि तो बोलत असे. बोलणाऱ्या माणसाचे श्वास मोजता येत नाहीत. शब्दांच्या मधल्या फटीत तो कुठे घेतो, कुठे सोडतो, पत्ता लागत नाही. 'काका, जरा एक मिनिट गप्प बसा' एवढंच म्हणायचं होतं.

ते तिच्याने म्हणवेना. त्याला वाईट वाटेल म्हणून नव्हे. तो गप्प झाला असता ना, म्हणून.

पहिल्या दिवशी शीट हातात घेऊन ती वॉर्डाबाहेर घुटमळली, तेव्हा शहनाझने डोकावून पाहिलं. शहनाझ हैदराबादची, जन्मली वाढली अजमानलाच, मनाने चांगली पोर. म्हणाली, "खाली क्यूं छोडा दीदी? अठारा लिख दो ना. चाचा एकदम ठीक है, गप्पे मार रहा है. जिसको बात करने की ताकत है उसको क्या होता?"

पटलं. पटण्यासारखंच होतं. वैभवीने अठरा लिहिलं. दुपारी अठरा. दुसऱ्या दिवशी तीनदा अठरा. खतीजाने सह्या केल्या.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला भिकाजी सोलकढीवर होता. नारळ कसा किसायचा इथपासून सुरुवात. दहाला तोच विषय, पण मधे मधे थांबत. सव्वाबाराला वैभवी आली तेव्हा तो उशीला टेकून बसला होता. तिला बघून हसला.

"इलंस?" तो म्हणाला. मग जरा वेळाने, "बरां झालां."

"काय म्हणता काका?"

"काय नाय." थांबला. "सोलां... घरची होयी... बाजारची नको."

"खरां आसा."

"चेडू कसां आसा... तुझां?"

"बरी आसा. आता तिकाच फोन करतलंय."

"कर... कर. जा तू."

साडेबाराला पाच मिनिटं कमी होती. बोटाच्या चिमट्यावरचा ऑक्सिजन त्र्याण्णव, म्हणजे कालच्याएवढाच. तिने अठरा लिहिलं, वेळ टाकली बारा वीस, आणि जिन्याकडे पळाली.

फोन लागला. अस्मी उताणी झोपली होती, फ्रॉक वर सरकलेला, बेंबीजवळ शाईचं फूल काढलेलं. वैभवीने घड्याळ लावलं. एक, दोन, तीन. पंखा फिरत होता, त्याची सावली पोटावरून सरकत होती. आठ, नऊ. चित्र थिजलं. पुन्हा पहिल्यापासून. एक, दोन. एवढंसं पोट वर येई, खाली जाई, घाई नाही, गडबड नाही. बावीस.

"झाला?" आईने विचारलं. आणि मग नेहमीसारखी एका दमात सुरू झाली, "अगो काल त्या शाळेतल्या बाईन हिका विचारल्यान तुझी आई काय करता, तर ही म्हणता माझी आई लोकांचे श्वास मोजता, सगळी पोरां हसाक लागली आणि ही रागान लाल, शेवटी मीच जावन सांगलंय काय खरांच तसां काम असता म्हणून..."

एवढं सगळं आई एका श्वासात बोलली.

वैभवी पायरीवरून उठली. सकाळी म्हातारा असाच बोलत होता. नारळ, किसणी, पाणी, वाटण, सगळं एका दमात. दहाला त्यात थांबे आले. आणि आत्ता? सोलां. घरची होयी. बाजारची नको. दोन शब्द, तीन शब्द, मधे गप्प. तीन दिवस ती त्याचं बोलणं ऐकत होती आणि बोलणं कसं तुटत चाललंय ते ऐकलंच नव्हतं. नाकात नळी असली की बोटावरचा आकडा बराच वेळ बरा दिसतो, माणूस मात्र आतल्या आत दमत जातो. हे तिने परीक्षेत लिहिलं होतं. दहापैकी नऊ मार्क होते.

"हॅलो? वैभू? आवाज येता मां?"

फोन न सांगता कापून ती जिना उतरली.

भिकाजीने डोळे मिटले होते. आता तो बोलत नव्हता. वैभवीने मनगटाला हात लावला नाही, नुसती उभी राहिली आणि पूर्ण मिनिट मोजलं. गळ्याखालचा खड्डा दर श्वासाला आत ओढला जात होता. चौतीस.

*

खतीजा आली, डॉक्टर आला. तरुण होता, घाईत होता. त्याने शीट उचलली.

"बारा वीसला अठरा," तो म्हणाला. "आणि पंचवीस मिनिटांत चौतीस? सकाळी आठला अठरा, दहाला अठरा. मग हे एकदम झालंय. रक्ताची गाठ फुप्फुसात गेली असणार. स्कॅनला खाली न्या याला, आत्ताच्या आत्ता."

वॉर्डबॉय ट्रॉली आणायला वळला. स्कॅन तळमजल्यावर. तिथे सपाट, उताणं निजावं लागतं, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. या माणसाला उशीला टेकूनसुद्धा दम पुरत नव्हता.

शीट डॉक्टरच्या हातात होती. तीन अठरा, एकाच पेनातले, एकाच वळणाचे. वैभवी त्या आकड्यांकडे बघत राहिली. काही बोललं नाही तर काहीच होणार नव्हतं. माणसं अचानक बिघडतात, रोज बिघडतात. उलट वेळेवर परत येऊन बघितलं म्हणून खतीजाने पाठ थोपटली असती. वीस डिसेंबरला रोटेशन संपलं असतं. एकवीसला ती कुडाळच्या अंगणात उतरली असती.

"सर, एकदम नाही झालं," ती म्हणाली. आपला आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

"काय?"

"सकाळपासून हळूहळू वाढतंय. आठला मोठी वाक्यं बोलत होता, दहाला थांबत थांबत, बाराला दोन-तीन शब्द."

"मग हे अठरा?"

"ते मी मोजले नाहीत. एकदाही नाही. तसेच लिहिले."

वॉर्डबॉयने आणलेल्या ट्रॉलीचं करकरणारं चाक थांबलं. डॉक्टरने तिच्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं. मग त्याने ट्रॉलीला हाताने नको म्हटलं, स्टेथोस्कोप लावून पाठीला दोन्हीकडे बराच वेळ ऐकलं आणि खतीजाला म्हणाला, "दमलाय. न्यूमोनिया पसरलाय, हा दमलाय. मास्क लावा, प्रेशरवाला. एक्स-रे इथेच, खाटेवर. स्कॅनचं नंतर बघू."

खतीजाने मास्क लावला. पट्टे आवळायला दुसरे हात हवे होते, तर तिने वैभवीकडे मान न वळवताच म्हटलं, "पकडो." वैभवीने पकडलं. मास्कच्या आतून म्हाताऱ्याचे डोळे तिच्याकडे बघत होते, गोंधळलेले. काहीतरी बोलायला तो तोंड हलवत होता, पण यंत्राच्या वाऱ्यात शब्द बाहेर येईना.

"बोलू नका, काका," ती म्हणाली. तीन दिवसांत पहिल्यांदा. "गप रवा. नुसतो श्वास घेवा."

दीड तासाने चौतीसचे अठ्ठावीस झाले. मग खतीजाने तिला टेबलापाशी बोलावलं. ओरडणार, असं वैभवीला वाटलं होतं. खतीजाने फक्त पेनाचं टोपण काढलं.

"क्यूं?" तिने विचारलं. "आळशी तू नाहीस. मला माहितेय आळशी कोण ते."

काय सांगायचं? की माझ्या बोलीत बोलणारं माणूस मला इथे पहिल्यांदाच भेटलं होतं? की मला त्याला गप्प करवेना?

"ते माझ्या गावाकडचे आहेत," ती शेवटी म्हणाली. "बोलत होते. मी ऐकत बसले."

खतीजाने स्कार्फची कड कानामागे सारली.

"मीही पहिल्या वर्षी इथे खार्तूमचा एक म्हातारा..." ती म्हणाली आणि थांबली. पुढे काय झालं ते सांगितलंच नाही. रिपोर्टवर लिहायला लागली. "मैं लिखूंगी, तू खुद बोली. वो लिखूंगी. लेकिन रोटेशन खलास, वैभवी. जनवरी से फिर. तब तक अगले हफ्ते से कॉलेज की लैब, सात से तीन."

"हो."

"मई में खतम होगा. इन्शाल्ला."

"हो."

"बेटी?"

वैभवीने मान हलवली. तिकडेच, मेपर्यंत. खतीजाने सही केली, नेहमीसारखी, मोठी.

*

विघ्नेश बूट घालत होता. तिने दारातच सांगितलं. दहा मिनिटांत सांगायचं तर बसायला वेळ कुठे होता.

"एक मिनिट, एक मिनिट." एक पाय बुटात, एक मोज्यात. "डॉक्टर स्वतः म्हणत होता ना अचानक झालं म्हणून? मग तुला मधे बोलायची काय गरज होती? स्कॅन केला असता, काही निघालं नसतं, मॅटर क्लोज."

"त्याला उताणं झोपवलं असतं, विघ्नेश. वीस मिनिटं."

"आणि आता पाच महिने आपण..." त्याने वाक्य सोडलं. दुसरा बूट हातातच राहिला. त्याच्या गळ्याखाली तिची नजर गेली आणि तिने ती मुद्दाम वर घेतली, त्याच्या तोंडाकडे. किती दिवसांनी बघत होती कोण जाणे. डोळ्यांखाली काळं झालं होतं त्याच्या.

"मी तिच्यासाठी सायकल बघून ठेवली होती," तो म्हणाला. "गुलाबी नको म्हणाली होती ना. निळी."

खाली त्याच्या कारपूलवाल्याने हॉर्न दिला.

"अस्मीला कोण सांगणार?"

"मी."

"सांग मग," तो म्हणाला. दार ओढलं आणि पुन्हा उघडलं. "जेव तू. नुसता चहा पिऊन बसू नकोस."

तिने फोन लावला तेव्हा कुडाळला दिवेलागण झाली होती. आईला आधी सांगितलं. आई नुसतं "बरां" म्हणाली आणि फोन अस्मीच्या हातात दिला. वैभवीने स्वतःचं रडणं धरून ठेवलं होतं, पोरीचं झेलायला.

"अस्मी, आई डिसेंबरमध्ये नाही येणार. मे महिन्यात येईल."

"मे म्हणजे कधी?"

"खूप दिवसांनी. आंबे पिकतात ना, तेव्हा."

अस्मीने विचार केला. मागे कुकरची शिटी झाली.

"आंबे खावन झाल्यार, काय आधी?"

"खाऊन झाल्यावर."

"मगे चलात," अस्मी म्हणाली, आणि फोन आजीकडे देऊन अंगणात पळाली.

*

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या बसमध्ये तिची जागा नव्हती. तरी ती गेली, साधी सार्वजनिक बस पकडून, युनिफॉर्मशिवाय, आबोली रंगाच्या कुर्त्यात. बारा ते एक भेटायची वेळ. दारावर शहनाझ दिसली. तिने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, मिटलं, आणि मग हातातली शीट पाठीमागे लपवत हळूच म्हणाली, "दीदी, मैंने आज सब का पूरा गिना."

खाट अकराला भेटायला येणाऱ्याची खुर्ची कोरी करकरीत होती. तिच्यावर अजून कुणी बसलंच नव्हतं. वैभवी बसली.

भिकाजी जागा होता. मास्क तसाच, यंत्राचा वारा एकसारखा. त्याने तिचा कुर्ता बघितला, गळ्यात ओळखपत्र नाही ते बघितलं. काय समजला कोण जाणे. बोलता तर येत नव्हतं. केवढं सांगायचं असेल त्याला! मुडदुशे, माटी, पिंगुळीची चुलत बहीण. ती वाट बघत राहिली, आणि वॉर्डात नुसता वारा ऐकू येत राहिला.

मग त्याने पांघरुणाखालून हात बाहेर काढला आणि मनगट तिच्यासमोर धरलं.

तिने धरलं. यावेळी नाडीचं नाटक दोघांनाही करायचं नव्हतं. तिने घड्याळाकडे बघितलं आणि नजर त्याच्या छातीवर ठेवली. एक. दोन. तीन. शीट नव्हती, सही नव्हती, आकडा कुणाला द्यायचा नव्हता. सात. आठ.

कुर्त्याच्या खिशात फोन थरथरायला लागला. साडेबारा. तिकडे लेकराच्या पोटाजवळ फोन धरून आई बसली असणार, हात दुखवून घेत. अकरा. बारा. फोन वाजत राहिला. बंगाली चाचाने पांघरुणातून डोकं काढून बघितलं. वैभवीची मान वळली नाही. सोळा, सतरा, अठरा, आणि काटा अजून पुरा फिरला नव्हता. एकोणीस. फोन वाजून वाजून गप्प झाला. वीस, एकवीस, बावीस, तेवीस.

मिनिट भरलं. भिकाजीने भुवया वर केल्या, किती?

तिने दोन्ही हात वर केले, दहा बोटं. मग पुन्हा दहा. मग तीन.